डाव्या हाताचा ठोका

"नाही म्हणजे नाही," मेव्हिस हॉजेट्स म्हणाली आणि तिने किटली गॅसवर आपटली. "माझ्या क्लेमचा तुकडा कापून न्यायला तो काय खाटकाकडचं सॉसेज आहे?"

समोर बसलेली शेरीस बर्मिंगहॅमहून दोन बस बदलून डडलीला आली होती. जुन्या रेकॉर्डमधला एखादा तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर आपलं नवं गाणं उभं करायचं, हा तिचा धंदा. तिला 'कोल्ड फर्नेस' या इथल्या जुन्या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातला ड्रमचा तुकडा हवा होता. कुणाचं गाणं नुसतं परत वाजवायला विचारावं लागत नाही. मूळ रेकॉर्डला कात्री लावायची तर लागतं. बँडमध्ये चौघे होते, आणि चारही घरं हो म्हणाल्याशिवाय काही द्यायचं नाही, असं त्यांनी मिसरूड फुटायच्या वयातच ठरवलेलं. तीन घरं हो म्हणाली होती. राहिलं होतं ते हे, ड्रमवाल्या क्लेमच्या विधवेचं.

"आई, बाबांचं नाव पुन्हा निघेल," मुलगी लॉर्ना म्हणाली.

"ते बुडालंय कधी? दर शनिवारी पबात बडवतात की त्याला."

खोटं नव्हतं ते. त्या भागात जितके पब तितके नकली 'कोल्ड फर्नेस'. पोट सुटलेले बाप्ये डोक्यावर केसांचे टोप चढवून, चामड्याच्या विजारीत स्वतःला कोंबून उभे राहत. गाण्याच्या मध्यावर गायक गप्प होतो, नुसते ड्रम राहतात, आणि तिथे डाव्या हाताचा एक ठोका किंचित उशिरा पडतो. रेकॉर्डवर तसा पडलाय, म्हणून हे सगळे तो मुद्दाम उशिरा टाकत. त्या ठोक्याला लोक ग्लास उंचावून ओरडत. गावातले ड्रमचे मास्तर आधी ती चूक शिकवत, मग ताल. शिकल्यासवरलेल्यांनी तर त्यावर पानंच्या पानं खरडली. कुणी म्हणे ही इथल्या लोखंडाच्या कारखान्यांतल्या घणाची लय आहे, कुणी म्हणे ही प्रतिभा. मेव्हिस नेमकी त्या वेळी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राही. लोक म्हणत, बाई गर्विष्ठ आहे. होतीच ती. पण उठायचं कारण ते नव्हतं.

गाणं रेकॉर्ड करून आला त्या दिवशी क्लेम कोट न काढताच खुर्चीत बसला होता. "डावा हात ऐकला नाही गं, मेव्हिस," तो म्हणाला होता. "मी म्हटलं, पुन्हा वाजवतो. बाकीचे म्हणाले, राहू दे, झकास आहे." त्याच आठवड्यात त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मग हातून कप निसटायला लागला. मग चमचा. कंपवात हे नाव डॉक्टरांच्या तोंडून फार पुढे आलं. शेवटी शेवटी ती त्याला भरवत असे, आणि समोरच्या पबातून तोच ठोका ऐकू येई आणि त्यामागोमाग लोकांचा जल्लोष. तो ठोका म्हणजे दुखण्याची पहिली खूण, हे तिने पोटच्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं अधू होणं लोकांनी नाचायला घेतलं होतं. तिच्या हातात होतं ते एवढंच, आणखी कुणाला ते द्यायचं नाही.

"एखादा ड्रमवाला बसव आणि वाजवून घे," ती शेरीसला म्हणाली. "सगळा गाव घेतोय."

"घेतलं. चांगला होता. हुबेहूब वाजवलं त्याने."

"मग इथे काय माझी बिस्किटं खायला आलीस?"

शेरीस हसली नाही. "तो उशीर करत होता, मिसेस हॉजेट्स. रेकॉर्डवरचा माणूस उशीर करत नाहीये. तो वेळेवर पोचायला धडपडतोय."

किटली शिट्टी मारत राहिली. लॉर्नाने उठून गॅस बंद केला आणि चहा केला.

मग मेव्हिसने सांगून टाकलं. थोडक्यात. हात न ऐकल्याचं, बटणांचं. लॉर्नाच्या हातातली बशी तशीच राहिली. शेरीस खाली मान घालून, तुकडा ऐकवायला आणलेलं आपलं यंत्र पिशवीत भरायला लागली. "मला ठाऊक नव्हतं. माफ करा. मी निघते."

"बस खाली. एवढी आलीस तर काय केलंयस ते वाजव तरी. हाकलायचं ते नंतर हाकलीन."

शेरीसने यंत्र टेबलावर ठेवलं. गायक नव्हता, गिटार नव्हती. नुसता क्लेम. उजवा हात, पाय, उजवा हात, आणि मग तो ठोका, किंचित मागे. मेव्हिसने टेबलाची कड घट्ट धरली. पुढचं तिला पाठ होतं. या ठोक्यानंतर गाणं धावत सुटे आणि त्याला धरून बाकीचं सगळं येई, कप, चमचा, त्याला जिना चढवेना म्हणून खालच्या खोलीत आणून टाकलेली ती खाट. घरी कधी रेकॉर्ड लावलीच तर ती इथे सुई उचलून टाकायची.

तुकडा वळला आणि पहिल्यापासून सुरू झाला. तोच हात. तोच ठोका, तेवढाच मागे. पुन्हा वळला. पुन्हा तेवढाच. कपातला चहा निवून गेला. शेरीसने बंद करायला हात पुढे केला, तर मेव्हिसने तिच्या मनगटावर चापट मारली.

"लॉर्ना, पेन आण."

लॉर्ना आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "अगं, पण ज्याच्यामुळे तू पबातून उठून जायचीस, तोच तर ठोका आहे हा."

"तोच आहे," मेव्हिस म्हणाली. "पण यात त्याचा हात पुढे बिघडत नाही गं."