घरातलं एक माणूस

"घरातलं एक माणूस आमच्यासोबत आत लागतं. आमचा नियम आहे तसा," सत्यशीला म्हणाली.

उद्धवराव पायरीच्या अलीकडं, अंगणातच उभे होते. "मी इथून सांगतो की. तुमी घुसा."

"उद्या एखादी वस्तू सापडली नाही, तर बोल आमच्यावर येतो काका."

"न्हाई येत. चारच्या गाडीनं दवाखान्यातून माणूस यायलाय. नियमाचं मागून बघू."

सत्यशीला परभणीची, शाळेत मास्तरीण. पूर ओसरला तशी रजा टाकून आपल्या चर्चची सहा माणसं घेऊन ती ताडकळसच्या पुढच्या या गावात गाळ उपसत होती. सकाळी उद्धवरावांनी त्यांचा टेम्पो भर रस्त्यात अडवला. भाऊ सूर्यभान काळजाच्या दुखण्यानं परभणीच्या दवाखान्यात, भावजय विमला त्याच्याजवळ. आज सुट्टी मिळणार, आणि घरात गुडघाभर गाळ. ओल लागली तर माणूस हाती लागायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. आजाऱ्याचं घर आधी, हाही त्यांचा नियमच होता. मग तिनं एका नियमापायी दुसरा मोडला.

त्या सहांपैकी शमुवेलला ते पटलं नाही. पंपाची नळी ओढता ओढता तो पुटपुटला, "विटाळ, दुसरं काय. आपण फिरलो ना आत. आता गोमूत्र शिंपडल्याशिवाय यायचे नाहीत ते."

दहा वाजता चहा निघाला. उद्धवरावांनी या लोकांच्याच थर्मासमधला चहा यांच्याच कपात घेतला, वर आणखी अर्धा मागितला. शमुवेलचा अंदाज फुकट गेला. मग त्यानं दुसरा बांधला. पुरानंतर घराघरांत साप निघत होते. म्हातारा सापाला भ्यालेला असणार.

भ्यालेला तर माणूस होताच. एका जागी ठरेल तर शपथ. दारातून डोकावायचा, मागच्या खिडकीशी जायचा, पुन्हा दारात. दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न, किती वाजले.

"शेजारी कोण राहतं?" सत्यशीलानं विचारलं. त्या घराची पायरीसुद्धा गाळाखाली गडप झालेली.

"हाय एक सडाफटिंग. त्याचं काय अडलं न्हाई."

"जेवतो कुठं?"

"देवळात खिचडी मिळतीय. तुमी आतलं बघा, बाई. बारा वाजायलेत."

"देव आहेत आत. आम्ही हात लावलेला चालेल?"

"चार दिस झाले, देव चिखलात बसलेत. ते काय तुमची जात इचारणार हायेत? चुलीच्या डाव्या अंगाला कोनाडा हाय, बघा तिथं."

"चूल नाही काका इथं. ओटा आहे, फरशीचा."

उद्धवरावांनी मान उंचावून आत बघितलं. "हां, ओटा. मग त्याच्या आसपास बघा."

सत्यशीलानं देव ओढणीत गुंडाळून आणून दिले. त्यांनी ते बादलीत धुतले, सदऱ्याला पुसले आणि परत तिच्याच हाती दिले. "ठिवा जागच्या जागी," म्हणाले.

घरात पावलागणिक सूचना. पलंग खिडकीशी नको, त्याला लहानपणापासून वारं सोसत न्हाई. कोपऱ्यात चुना टाका. भुई अजून गार लागती का, हात लावून सांगा. लोकांचे हात दुखत होते आणि हा दारातून हुकूम सोडत होता. दुसऱ्या कुणी सुनावलं असतं. सत्यशीला भुईला हात लावून सांगत राहिली.

तीनच्या सुमाराला लोखंडी कपाट सरकलं. ते खिडकीशेजारी शमुवेलच्या अंगावर कललं. बाकीचे मागच्या खोलीत होते.

"काका, धरा," तो ओरडला.

उद्धवराव धावले. पायरी चढले, उंबऱ्याच्या आत टाकायला पाय उचलला, आणि तसाच मागं घेतला. वळसा घालून ते खिडकीशी पळाले, गजांतून दोन्ही हात घालून त्यांनी कपाटाची कड धरली. बाकीचे धावत येईपर्यंत तशीच धरून ठेवली. गजांनी दंड सोलून निघाले.

शमुवेल बाहेर आला तो तणतणतच. "एक पाऊल आत टाकलं असतं, तर मरत होतं का कुणी?"

उद्धवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते म्हणाले, "लय लागलं का तुला?"

चारला पाच कमी असताना घर उभं राहिलं. भिंतींना चुना, पलंगावर कोरडी सतरंजी. चौकातून गाडीचा हॉर्न आला. सत्यशीला हात धुऊन वळली, तर अंगण रिकामं.

सूर्यभान बायकोच्या खांद्यावर भार टाकून आला. दारातच थबकला. आत गेला, भिंतीला हात लावला, पलंगावर बसला आणि त्याला रडू आवरेना. विमला दारातच बसली.

"कुणी सांगितलं तुमाला?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"तुमच्या भावानं. सकाळपासून दारात उभे होते. आत काही आले नाहीत," सत्यशीला म्हणाली.

विमलानं मान खाली घातली. सूर्यभान उंबऱ्याकडं बघत राहिला.

"अठरा वर्षं झाली. मीच शपथ घातली व्हती त्याला," तो म्हणाला. "ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकलास, तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणून."

शमुवेलनं हातातलं फावडं हळूच खाली ठेवलं.

सूर्यभाननं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "आन् शेजारी, त्याच्या सोताच्या घरातला गाळ काढला का कुणी?"