पावणेबाराचा पूल

घंटा वाजू लागली, लाल दिवे लुकलुकले आणि विनयच्या गाडीपुढे पुलाचा रस्ता अडवणारा दांडा खाली आला. पुढे फक्त एक पिकअप ट्रक होता.

“गेलं!” शेजारच्या सीटवरून नंदू ओरडला. “बाराला पंख हलतात. पावणेबारा झालेत!”

नंदू म्हणजे शॉमबर्गमधला विनयचा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र आणि प्रत्येक सहलीचा स्वयंघोषित मुकादम. मिलवॉकीच्या या वीकेंडचंही त्याने एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं होतं. सकाळी मार्केट, तिथे तळलेलं चीज, बाराला लेकवरच्या म्युझियमच्या इमारतीचे प्रचंड पांढरे पंख मिटून पुन्हा उघडताना बघायचे, मग मोटरसायकलींचं म्युझियम. थर्मासमधल्या चहालाही वेळ नेमून दिलेली होती. बोटीसाठी पूल वर उचलला जाणार, याला मात्र रकाना नव्हता.

विनयला पंखांची फिकीर नव्हती. पुलाच्या कोपऱ्यावर काचेची एक छोटी केबिन होती. त्या केबिनमध्ये शनिवारी सकाळी त्याची मुलगी केया असते, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तो दुसऱ्या पुलावरून जाणार होता, पण नंदूच्या फोनने नेमकं इथे आणून सोडलं.

केयाने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि बोटींसाठी पूल उचलायची नोकरी धरली, त्याला दोन वर्षं झाली होती. “बटणं दाबायला आलो का मी या देशात?” विनय तेव्हा तिच्यावर ओरडला होता. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, की तो म्हणायचा, “मिलवॉकी सिटीत आहे. ब्रिजेसमध्ये.” हेल्मेट, नकाशे, मोठं टेबल हे सगळं ऐकणाऱ्याने आपल्या मनाने जोडून घ्यायचं, आणि लोक हौसेने जोडून घेत. तिचं काम बघायला तो एकदाही आला नव्हता.

आज तर पंचाईतच होती. नंदूच्या मुलाला, आर्यला, हार्ट स्पेशालिस्टच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती, आणि त्याचे पेढे नंदूने हायवेला लागायच्या आत वाटले होते. दोन वर्षांपूर्वी विनयच्या घरून कुणाला पेढे गेले नव्हते.

मागच्या सीटवर नंदूची बायको नीला आणि विनयची बायको दीपा होत्या. दीपाच्या मांडीवर सकाळपासून स्टीलचा एक डबा होता. “काय आहे गं त्यात?” नीलाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा दीपा म्हणाली, “नंतर.”

नदीत उंच डोलकाठीची एक बोट येऊन थांबली होती. पूल मात्र हलेना.

“कुणाला बसवलंय तिथे?” नंदू वैतागला. “बटणं दाबायची तर नोकरी यार, तीही जमत नाही! विनय, हॉर्न दे.”

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून विनयला मिरची लागल्यासारखं झालं. हात हॉर्नवर गेला आणि तिथेच राहिला.

केबिनचं दार उघडून नारिंगी जाकीट घातलेली एक मुलगी बाहेर आली होती. पुलाच्या मधोमध एक म्हातारे गृहस्थ वॉकर धरून उभे होते, घंटेने गोंधळून गेलेले. मुलीने बोटीला तळहात दाखवला. मग ती त्यांच्या शेजारून त्यांच्याच चालीने चालू लागली. बोटीने भोंगा दिला. मागच्या गाड्या कोकलायला लागल्या. तिने वळूनही पाहिलं नाही. आजोबांना दांड्याच्या अलीकडे आणलं, बाकावर बसवलं, पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पाहिला, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, आणखी एकदा मागे वळून पाहिलं. मगच ती आत गेली.

लहानपणी शाळेला निघताना केया दाराचं कुलूप तीनतीनदा ओढून बघायची. उशीर होतो म्हणून विनय तिच्यावर खेकसायचा.

आणि पूल उठला. दिव्याच्या खांबांसकट अख्खा रस्ता, भरलेलं ताट उचलावं तसा, जराही न कलता वर गेला. बोट खालून निघून गेली. ही आपली पोर आहे, या विचाराने विनयची छाती इतकी फुगली की पट्टा टोचायला लागला.

“पोरगी धीराची आहे हं,” नीला म्हणाली.

विनयने इंजिन बंद केलं. “नंदू, ती केया आहे.”

“आपली केया?” नंदू चमकला. “इन्स्पेक्शनला आली असेल.”

किती सोयीचं उत्तर होतं! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“नाही. पूल तीच चालवते. दोन वर्षं झाली. मला लाज वाटायची म्हणून सांगितलं नाही.” तो नंदूकडे वळला. “पेढे आहेत का रे उरलेले?”

नंदूने खोका उघडून दाखवला. तळाला नुसता चुरा होता.

मागून दीपाचा हात पुढे आला. हातात डबा होता. डब्यात केशरी पेढे होते, घरी केलेले, डबा काठोकाठ भरलेला.

“तिच्या नोकरीचे आहेत,” ती म्हणाली. “आज तिच्या हातात देणार होते. तू वाटणार असशील तर वाट.”

पहिला पेढा नंदूला मिळाला. तो तोंडात धरून नंदू पुलाकडे बघत बसला. घड्याळ बघायचं राहूनच गेलं.

विनय डबा घेऊन गाडीतून उतरला आणि पुढच्या पिकअपपाशी जाऊन त्याने पेढा पुढे केला. पिकअपवाल्याने कपाळाला आठ्या घालून काच खाली केली आणि विचारलं, “हे कशाबद्दल?”

विनयने वर गेलेल्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

“आपल्या सगळ्यांना जिने थांबवलंय ना,” तो म्हणाला, “ती माझी मुलगी.”