परळातलं पाणी

कुलूप लावून आठवडा झाला आणि कबरस्तान मुकं झालं.

दीना चिंचेखाली दुर्बीण घेऊन बसली होती. बघण्यासारखं काहीच नव्हतं. सातभाईंचा कलकलाट नाही, तांबटाची ठोकठोक नाही. हळद्या तर सगळ्यांच्या आधी निघून गेला होता.

तिचं कोडं आता दुप्पट झालं होतं. नगर शहरात दाट झाडी अशी मोजक्याच ठिकाणी उरली होती. त्यांत ख्रिस्ती कबरस्तानाचा तुकडा सगळ्यांत लहान. कॉलेजात शिकल्याप्रमाणे लहान तुकड्यात पाखरांच्या जाती कमी असायला हव्यात. इथे मात्र त्र्याहत्तरचा उन्हाळा तापत गेला तशा त्या वाढत गेल्या. विहीर आटलेली, तरीही. फक्त भिंतीलगतच्या नव्या भागात पाखरू उतरत नसे, कारण तिथे झाडच नव्हतं. पाळक अब्राहाम यांच्या पत्नीची कबर तिथेच होती, वर्षभरापूर्वीची.

पाखरं इथेच का येतात ते कळलं नव्हतं, पण ती जपायला हवीत एवढं दीनाला नक्की वाटत होतं. म्हणून तिनंच पाळकांकडे हट्ट धरला होता, "उन्हाळाभर फाटक बंद ठेवा. माणसांची वर्दळ थांबली की पाखरं निवांत राहतील." पाळकांनी कुलूप लावलं. किल्ली त्यांच्याकडेच असे. दीना आली की ते उघडून देत.

ती उठून कबरींमधून फिरू लागली. बहुतेक कबरींच्या उशाशी मातीचं पसरट परळ होतं. फुलांसाठी असेल असं समजून तिनं त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. बाबांच्या कबरीवरचं परळ तिनं उचललं. काठावर पाखरांची वाळलेली शीट होती. तळाला बुलबुलाचं एक पीस चिकटलं होतं, आणि पाणी आटून बसतो तसला पांढरा थर.

परळ घेऊन ती घरी आली. चुलीपुढे बसलेल्या आईचा चेहरा उतरला.

"हे कशाला उचलून आणलंस? तुझ्या बाबांचं हाय ते."

"तू पाणी ठेवायचीस यात?"

"उन्हाची तहान लागती गं त्यांना. सांजच्याला बघावं तर परळ कोरडं असायचं. मला बरं वाटायचं." मग तिनं आवाज खाली आणला. "समद्याच बाया ठेवतात. पाळकसाहेबांना कळू देऊ नको. म्हणतील, धर्म घेतला तरी तुमचं जुनं काय सुटत न्हाई."

दीनाला आईचं रोज दुपारी 'मालनबाईकडं जाऊन येते' म्हणणं आठवलं. टँकरच्या पाण्यातला तांब्याभर आधी बाजूला काढून ठेवणं आठवलं. परळ कोण रिकामं करत होतं, ते तिला कळलं होतं. आईला ते सांगवेना. पाळकांना खरं कारण सांगितलं तर सगळ्या बायांना बोल लागणार, आणि गप्प बसलं तर कुलूप तसंच राहणार.

संध्याकाळी ती पाळकांच्या दारात उभी राहिली.

"पाळकसाहेब, फाटक उघडायला हवं. पाण्यावाचून पाखरं राहायची नाहीत. लोकांनी आत येऊन रोज थोडं थोडं ठेवावं."

"माणसं नकोत, असं तूच म्हणाली होतीस."

"चुकलं माझं."

पाळक तिच्याकडे बघत राहिले. "कबरींवर पाणी ठेवणं मला चालत नाही, माहीत आहे ना? किती वेळा समजावलंय मी लोकांना."

"हे पाखरांसाठी. झाडाखाली, सावलीत ठेवायचं. रखरखीत उन्हातल्या पाण्याकडे ती फिरकत नाहीत."

"पाखरांसाठी असेल तर हरकत नाही," पाळक म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक सताड उघडं होतं. बाया तांबे घेऊन येत होत्या. त्यांना आज कुणाची चोरी नव्हती. दीनाच्या आईनं चिंचेखालचं परळ भरलं आणि ती जरा लांब जाऊन बसली. वरच्या फांदीवर एक बुलबुल आला.

सगळ्यांत शेवटी पाळक आले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात कोरं परळ. दीनानं त्यांना चिंचेखालची मोकळी जागा दाखवली. त्यांनी मान हलवली, पण थांबले नाहीत. सावली संपली तरी चालत राहिले. भिंतीशी जाऊन पत्नीच्या कबरीपाशी त्यांनी गुडघे टेकले आणि रखरखीत उन्हात परळ काठोकाठ भरलं.