सारखी माती

काका माती सारखी करायचं दाताळं घेऊन चाचणीच्या शेडमधल्या हौदाच्या काठावर उभे राहिले. हौदात चंद्रावरच्या मातीसारखी केलेली करडी भुकटी होती, आणि त्या भुकटीत त्यांच्या लेकीची पावलं.

तीन आठवड्यांपूर्वी तिने बनवलेली छोटी खोदगाडी इथे मधोमध रुतली होती. चाचणी चालू असताना हौदात उतरायची कोणालाच परवानगी नव्हती. ती उतरली, गाडी कडेवर घेऊन बाहेर आली आणि वर बापालाच दम दिला, "काका, कोणाला सांगायचं नाही हं." शेडमध्ये तीही सगळ्यांसारखं काकाच म्हणायची. त्याच संध्याकाळी घरी जाताना ती अपघातात गेली. तेव्हापासून शेडला कुलूप होतं.

आज निवड समिती आली होती. गाडीने माती खणून, उचलून पलीकडे नेऊन टाकली, तर ती चंद्रावर जाणार होती. नाहीतर दुसऱ्या कोणाची तरी जाणार.

"काका, मी दुसऱ्या कोणाला सांगते," दारातून चाचणीच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

"दुसऱ्या कोणाला जमतं का?"

जमत नव्हतं, हे खरंच. चंद्रावर कोणी दाताळं फिरवायला जात नाही, पण चाचणीला मात्र माती इस्त्री केल्यासारखी लागते. पाय पडला की तेवढी जागा घट्ट होते आणि आकडे चुकतात. म्हणून काका पलीकडच्या टोकापासून उलटे चालत यायचे, आपलीच पावलं पुसत. अकरा वर्षांत त्यांचं एकही पाऊल मातीवर राहिलं नव्हतं.

ते उलटे चालत दारापर्यंत आले. लेकीची येता-जातानाची पावलं पुसली गेली. मधली दोन तेवढी राहिली, गाडी उचलताना खोल गेलेली. ती त्यांनी वळसा घालून सोडली होती.

काका थोडा वेळ तिकडे बघत राहिले. मग परत आत गेले. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. काहीच आलं नाही. त्यांनी त्या दोन पावलांवर दाताळं टेकवलं, तीनदा ओढलं, खांद्यावर टाकलं आणि सरळ चालत बाहेर आले.

मॅडमनी हौदाकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी वळून पाहिलं. सारख्या केलेल्या मातीत मधोमध जाऊन परत आलेली त्यांची स्वतःचीच पावलं होती. नवशिक्याने करावी तशी चूक.

"चुकलं," ते म्हणाले. "परत करतो."

"राहू दे काका. समितीशी मी बोलते."

"काय बोलणार? तिची गाडी आहे. आकडे खरे यायला पाहिजेत."

ते कडेकडेने पलीकडे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हात सवयीने चालत होते. दारापाशी पोचल्यावर त्यांनी मान वर केली आणि लेकीच्या पावलांची जागा शोधू लागले. ती जरा डावीकडे असावी असं वाटलं. मग वाटलं, नाही, त्याच्याही पुढे. माती सगळीकडे एकसारखी होती.

"झालं का, काका?" मॅडमनी हळूच विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "सोडा गाडी."