अजून वर

गावानं तीन वर्षं पाण्यासाठी अर्ज केले, तेव्हा कुठं त्र्याऐंशी साली सरकारनं पुण्याहून पाण्याचे तज्ज्ञ धाडले. रानाची खडान्‌खडा माहिती म्हणून मोजमापाची पट्टी येडबा मेंढक्याच्या हाती आली. समोरच्या टेकडीवरून साहेब दुर्बिणीत बघायचे आणि हातानं खुणावायचे, अजून वर! शाळेपासून देवळापाशी, देवळापासून चढत चढत येडबा पार माळाच्या माथ्याला आला. तिथं साहेबांनी चुन्याची खूण करायला लावली.

दिवस कलताना ते जीपनं खूण बघायला आले.

"हितं काय होनार हाय, साहेब?"

"धरण भरलं की इथवर पाणी येणार."

येडबानं हरखून मागं वळून बघितलं. मारुतीचा कळस खाली, लय खाली दिसत होता.

"आन् गाव?"

"त्याच्यासाठी वेगळे तज्ज्ञ नेमलेत," साहेब दुर्बीण पुसत म्हणाले.