तिसरा चौकोन

नोंदणी कार्यालयातल्या बाई यायला अजून अर्धा तास होता. मुलाने खुर्ची ओढली आणि तो वडिलांच्या संगणकासमोर बसला.

संगणक म्हणजे तळहातावर मावेल एवढी काळी पेटी आणि तिला जोडलेला पडदा. परगावच्या बहिणीने त्यात घातलेली सिस्टीम जगात हजारभर माणसंही वापरत नसतील. क्षणात उघडते, मध्येच काही विचारत नाही, बाबांना गोंधळ नको, असं तिचं म्हणणं. पडद्यावर चार मोठे चौकोन: पाणी, दुखतंय, नाही, हो. बोट टेकलं की तिच्याच आवाजात तो शब्द ऐकू यायचा. वडिलांची वाचा गेली होती, नजर अंधुक झाली होती, मान सारखी डुगडुगायची. डाव्या हाताच्या एका बोटाला मात्र चारही जागा पाठ होत्या. गेला महिनाभर मुलाने घराचा विषय काढला की ते बोट तिसऱ्या जागेवर जायचं.

काल त्याने बहिणीला फोन करून विचारलं होतं, शब्द बदलायचे कसे. दादा एवढा रस घेतोय म्हणून तिला भरूनच आलं. एक शब्द म्हणजे एक फाइल, तिने सावकाश समजावलं. नवी टाकली की चौकोन वाढतो, काढली की कमी होतो आणि मागचा पुढे सरकतो. रिकामी जागा राहत नाही.

"तेवढं जपून रे दादा. जागा बदलली तर बाबा चुकतील."

त्याने तिसरी फाइल काढून टाकली. सिस्टीमने काही विचारलं नाही. मग त्याने शर्टाच्या बाहीने पडदा लख्ख पुसला.

बाई वेळेवर आल्या. नियमाला पक्क्या होत्या. मुलाला त्यांनी खोलीबाहेर थांबायला सांगितलं. वडिलांजवळ बसून कागद दोनदा वाचून दाखवला: घर मुलाच्या नावावर होणार, वडील उद्यापासून वृद्धाश्रमात राहणार.

"आजोबा, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही. मान्य आहे का हे तुम्हाला?"

बोट उचललं गेलं. जराही न अडखळता तिसऱ्या जागेवर टेकलं.

"हो," मुलीचा आवाज म्हणाला.

म्हातारा दचकला. बोट पुन्हा तिथेच, या वेळी जोरात. "हो." मग मूठ. "हो. हो." गळ्यातून नुसती घरघर निघाली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बाईंनी शिक्का उमटवला. मग स्वतःच्या रुमालाने त्याचे डोळे टिपले आणि ती आपटणारी मूठ हलकेच आपल्या हातात धरून ठेवली.

"कळलं आजोबा, कळलं," त्या म्हणाल्या. "किती जीव आहे तुमचा लेकावर."