एकुलती एक माशी

सकाळचे दहा वाजले होते अन् उत्तमराव कांद्याच्या फुलाइत उभा राहून मधमाश्याइले शिव्या देऊन राह्यला होता.

अर्ध्या एकरात बियाण्याचा कांदा. कमरेच्या वर गेलेले दांडे, हरेक दांड्यावर मुठीएवढा पांढरा गोंडा, अन् गोंड्यावर मधमाशी म्हणून एक नाही. माशी बसली नाही तं बी भरत नाही, वरीसभराची मेहनत भुसकट होते. म्हणून जुन्या धोतराचं मऊ फडकं घेऊन तो एकेका गोंड्यावरून फिरवत होता, ह्याची भुकटी त्याले लावत होता. दोन सऱ्या पलीकडं त्याची बायको अंबूबाई तेच करत होती, पण गुमान.

"हरामखोर साऱ्या. चावायचं असलं की दहा-दहा येतात. कामाच्या वक्ती एकीचा पत्ता नाही."

"काल गूळपानी शिंपडलं ना," अंबूबाई म्हणाली. "येतीन."

"आल्या ना! मुंग्या आल्या. फुकटखाऊ. देवानं ह्या किड्यामकोड्याइची जात काऊन पैदा केली, त्यालेच ठाऊक."

शेताच्या धुऱ्यावरून शेजारचा शंकरराव चालला होता. त्याच्या जिभेले हाड नव्हतं.

"काय उत्तमराव, गोंड्याइचे गाल पुसून राह्यले काय?"

"तुम्ही आपल्या वाटंनं जा ना."

"जातो ना. पण निंबावरचं मोहोळ असतं, तं आज तुम्ही घरी बसून चहा पेत असते. तुम्ही तं बांबूले गोणपाटाचा पेटता बोरा बांधला अन् आख्खं मोहोळ भाजलं. भरताचं वांगं भाजावं तसं."

"डोळ्यावर चावली होती मले!" उत्तमराव चार शेताइले ऐकू जाईल असा वरडला. "पोरीच्या साक्षगंधाच्या दिवशी! जो फोटो पाहा, त्याच्यात मी एका डोळ्याचा!"

"हाव, पाह्यला ना. मीच काढला होता एक," शंकरराव म्हणाला अन् खो खो हसत निघून गेला.

उत्तमरावचं डोकं तापलं. त्यानं फडकं असं काही रगडलं की गोंडाच दांड्यावरून मोडला.

तेवढ्यात कानापाशी गुणगुण झाली. सवयीनं त्याचा हात झापड माराले उचलला, अन् हवेतच थांबला.

माशी होती. एकटीच. दोन गोंड्याइवरून घिरटी मारली अन् तिसऱ्यावर बसली.

"अंबू," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हालू नको. आली."

पोरीले पाह्याले पावने यावे अन् बापानं दारातच थिजावं, तसा तो उभा राह्यला. माशीच्या पायाइले पिवळं लागलं होतं.

"बस माय, बस. सावकाश."

गोंड्यातलं एक फूल हाललं. फूल नव्हतंच ते. कोळी होता, गोंड्याच्याच रंगाचा, पुढचे पाय फाकून बसलेला. त्यानं माशीची मानगूट धरली.

उत्तमरावले कोळ्याची लहानपनापासून किळस. घरात कोळी निघाला की हा खाटेवर चढे अन् झाडू अंबूबाई मारे. पण आता त्यानं उघडा हात गोंड्यात घातला. कोळी उपटून मातीत फेकला, माशी तळहातावर घेतली. तिचे पाय दोनदा हालले. मग हाललेच नाहीत.

"एक आली होती बे!" पायातली चप्पल त्याच्या हातात आली. "इतक्या दिवसाची एक! तुले दुसरं काही गिळाले नाही भेटलं? तुले ठेवतच नाही आता. तुह्या खानदानाले ठेवत नाही!"

चप्पल डोक्याच्या वर गेली. खाली कोळी ढेकळाच्या फटीत घुसाले धडपडत होता.

अंबूबाई सऱ्या ओलांडून आली. तिनं नवऱ्याच्या तळहातावरची माशी पाह्यली, मातीतला कोळी पाह्यला, अन् मग नवऱ्याचं तोंड.

"त्यानं एकच मारली, समीक्षाचे बाबा," ती म्हणाली, अन् पुढच्या गोंड्यावरून फडकं फिरवाले लागली.

कोळी ढेकळाखाली निघून गेला. चप्पल वरच होती.